बोटीच्या जीपीएसची वायर रास्पबेरी पायला: सिरियल पोर्ट जागा करण्याची पद्धत

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै, देवगड इथल्या बोटी वर ओढल्या जातात. केबिनमधलं वायरिंग उघडून बघायला सवड मिळते ती याच दिवसांत. बऱ्याच बोटींवर दहा-पंधरा वर्षांचा जीपीएस किंवा फिशफाइंडर अजून ठणठणीत चालतो. त्याला यूएसबी नसतं, वायफाय नसतं, पण मागच्या बाजूने दोन बारीक वायरी बाहेर आलेल्या असतात आणि त्यांवरून दर सेकंदाला बोटीची जागा, वेग आणि वेळ अक्षरांच्या रूपात वाहत असते. ती अक्षरं रास्पबेरी पायसारख्या एका पाटीच्या संगणकात कशी घ्यायची, हा इथला विषय आहे. कलमांच्या बागेतलं हवामान यंत्र किंवा पंपाचा मीटर जोडायचा असला तरी जोडणीचा क्रम हाच राहतो.

टंकायच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या आणि त्यांतले आकडे इंग्रजीतच टंकायचे, तिरक्या रेघा, अधोरेघा आणि टिंबांसकट. अक्षरं लहान ठेवायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, आणि तिथे चूक झाली तर आज्ञा चालणारच नाही.

नवीन माणूस अडकला की तो बहुधा कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, दोष देतो आणि रात्रभर कर्नल पुन्हा बांधत बसतो. पायच्या तयार प्रणालीत सिरियलचा ड्रायव्हर आधीपासून असतो. अडचण असते ती पोर्टाच्या मालकीची. तोच पोर्ट ब्लूटूथला हवा असतो, लॉगिनच्या कन्सोलला (वायरीवरून पायमध्ये शिरण्याच्या वाटेला) हवा असतो आणि आपल्यालाही. म्हणून आधी वायर, मग पोर्ट, मग मालकी, मग परवानगी आणि अगदी शेवटी कर्नल, या क्रमानेच पुढे जायचं.

सामान

पाय ३, ३बी प्लस किंवा ४ यातला कुठलाही चालेल. पाय ५ मध्ये थोडा फरक आहे, तो पुढे येईल. एक मॅक्स३४८५ चिपचं छोटं मॉड्यूल (जीपीएसचे व्होल्ट पायला झेपतील असे करणारं), मादी टोकांच्या पाच-सहा जंपर वायरी, मल्टिमीटर, सोल्डर आणि हीट श्रिंक नळी. दुकानदार मॅक्स४८५ हातात ठेवेल, कारण ते सगळीकडे मिळतं. ते घेऊ नका. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि त्याच्या आरओ टोकावर, जिथून अक्षरं पायकडे जातात, ५ व्होल्टच बाहेर येतात. पायच्या जीपीआयओ (बाहेरच्या जोडणीच्या) पिनांना ३.३ व्होल्टच्या वर काही सहन होत नाही. पहिल्या दिवशी चाललं म्हणून ते बरोबर आहे असं नाही. पिन हळूहळूही मरते.

घरी सराव करायचा असेल तर निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल घ्या. त्याची डेटा वायर ३.३ व्होल्टची असते, म्हणून टीएक्स (पाठवणारं टोक) सरळ पायच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या टोकाला) लावता येते, आणि त्याचा मूळ वेग सेकंदाला ९६०० बिट असतो. मंगलोरी कौलांखाली त्याला उपग्रह दिसायला वेळ लागतो आणि पत्र्याखाली बहुधा दिसतच नाहीत. सराव पडवीत किंवा अंगणात करा.

वायरीवर किती व्होल्ट आहेत?

सिरियल म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. पायच्या पिनांवर ० आणि ३.३ व्होल्ट असतात, याला टीटीएल पातळी म्हणतात. जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टावर उणे आणि अधिक ३ ते १५ व्होल्ट असतात, तेही उलट्या अर्थाने: तिथे १ म्हणजे उणे. तिसरा प्रकार आरएस-४२२ आणि आरएस-४८५ चा. त्यात ए आणि बी अशा दोन वायरी असतात आणि अर्थ त्यांच्यातल्या फरकात असतो.

बोटीवरच्या उपकरणांची बोली एनएमईए ०१८३. तिच्या नव्या आवृत्त्यांत बोलणारं उपकरण आरएस-४२२ सारख्या दोन वायरींनी बोलतं, जुनी काही यंत्रं एक वायर आणि जमीन (ग्राउंड, म्हणजे उणे टोक) एवढ्यावरच बोलतात. आपल्याकडे कोणतं आहे ते मल्टिमीटरने पाहा. जीपीएस चालू करा, डीसी व्होल्ट लावा आणि काळा प्रोब उणे टोकाला ठेवा. दोन्ही डेटा वायरींवर ० ते ५ च्या मधले आणि एकमेकांशी उलटे आकडे दिसले तर जोडी आहे. एकाच वायरीवर उणे आकडा दिसला तर ती आरएस-२३२ आहे; तिला मॅक्स३२३२ चिपचं मॉड्यूल लागेल आणि तेही ३.३ व्होल्टवर चालवायचं. आरएस-२३२ ची वायर कधीही सरळ पायच्या पिनेला लावू नका. तिथे दुसरी संधी मिळत नाही.

जोडीच्या बाबतीत मॉड्यूलची व्हीसीसी (वीज घेणारं टोक) पायच्या पिन १ ला, जी ३.३ व्होल्टची आहे. जीएनडी, म्हणजे जमीन, पिन ६ ला. जीपीएसच्या दोन डेटा वायरी मॉड्यूलच्या ए आणि बी ला, पण त्या अगदी शेवटी. आरओ पिन १० ला, म्हणजे जीपीआयओ १५ ला. पायचा आरएक्स तो. मॉड्यूलची डीई आणि आरई ही दोन्ही टोकं जमिनीला बांधा. आरई खाली असला की मॉड्यूल ऐकतं आणि डीई खाली असला की ते कधीच बोलत नाही. बोटीच्या जीपीएसशी चुकून बोलायला नको, म्हणून एवढं पुरे.

काही मॉड्यूलवर ए आणि बी यांच्यामध्ये १२० ओहमचा रोधक सोल्डर केलेला असतो. तो शेकडो मीटरच्या केबलसाठी असतो. केबिनमधल्या चार-पाच मीटर वायरीला, तेही ४८०० च्या वेगाला, त्याची गरज नसते, आणि जुन्या जीपीएसला तो भार जड जातो. काढून टाका. ए आणि बी या खुणा वेगवेगळे निर्माते उलट वापरतात. शेवटी कचरा अक्षरं आली तर आधी या दोन वायरी अदलाबदल करून पाहा. त्याने काहीही जळत नाही.

पायवरची पिन मोजताना कार्डाच्या खाचेकडचं टोक धरा. बाहेरच्या, म्हणजे पाटीच्या कडेच्या रांगेत क्रम असा आहे: २ वर ५ व्होल्ट, ४ वर ५ व्होल्ट, ६ जमीन, ८ टीएक्स, १० आरएक्स. बारकाईने पाहिलं तर धोका लगेच दिसतो. पुढच्या परीक्षेसाठी ८ आणि १० जोडायला घेतलेला जंपर एक घर सरकून ६ आणि ८ वर बसला तर पाय बोलताना टीएक्स जमिनीला आपटते. दोन घरं सरकून ४ आणि ६ वर बसला तर ५ व्होल्ट सरळ जमिनीला. म्हणून सगळी जोडणी वीज काढून करायची, आणि दोन वेळा मोजायचं.

पोर्ट जागा करणे

बोटीची वायर अजून लावू नका. पाय चालू करा, टर्मिनल उघडा आणि लिहा:

सुडो रास्पी-कॉन्फिग

इंटरफेस ऑप्शन्समध्ये सिरियल पोर्ट निवडा. दोन प्रश्न येतात आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पहिला प्रश्न विचारतो, सिरियलवरून लॉगिन शेल हवं का? इथे नाही. दुसरा विचारतो, सिरियलचं हार्डवेअर चालू करायचं का? इथे हो. दोन्हीला हो म्हटलं तर पोर्ट चालू होतो, पण त्यावर लॉगिनचा पहारेकरी बसतो. दोन्हीला नाही म्हटलं तर पोर्टच बंद. पाय पुन्हा सुरू करा.

हा मेनू आतून दोन फायलींत बदल करतो. रास्पबेरी पाय प्रणालीच्या बुकवर्म आवृत्तीपासून त्या /बूट/फर्मवेअर/ या फोल्डरात असतात; आधी त्या सरळ /बूट/ मध्ये होत्या, त्यामुळे जुनी शिकवणी वाचून काम केलं तर भलतीच फाइल उघडते. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये एनेबल_यूएआरटी=१ अशी ओळ येते (यूएआरटी म्हणजे सिरियल बोलणारा चिपमधला भाग). सीएमडीलाइन.टीएक्सटी मधून कन्सोल=सिरियल०,११५२०० हा तुकडा निघून जातो. ही दुसरी फाइल हाताने बदलत असाल तर ती संपूर्ण एका ओळीतच राहिली पाहिजे. मध्ये चुकून एंटर दाबलं की त्यापुढचं सगळं कर्नलला दिसेनासं होतं आणि पाय चालूच होत नाही. आधी प्रत काढून ठेवा.

आता पोर्ट कुठे आहे ते पाहा:

एलएस -एल /डेव्ह/सिरियल०

उत्तरात बाण दिसेल. पाय ३ आणि ४ वर तो बहुधा टीटीवायएस० कडे असतो. नावातला एस मोठा. पाय २ वर आणि साध्या झीरोवर टीटीवायएएमए० कडे. इथे एएमए ही तीन अक्षरं मोठी. सिरियल० हे टोपणनाव आहे. कार्यक्रमात तेच लिहा, म्हणजे उद्या दुसऱ्या मॉडेलवर कार्ड घातलं तरी बदल करावा लागणार नाही.

पाय ५ मात्र वेगळा आहे. त्याच्या दोन एचडीएमआय खाचांच्या मधोमध तीन पिनांची खास डीबग खाच असते आणि सिरियल० तिकडे वळलेला असतो. ८ आणि १० पिना हव्या असतील तर कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डीटीपॅरम=यूएआरटी०=ऑन लिहा आणि टीटीवायएएमए० हेच नाव वापरा. पाय ५ वर सिरियल० लिहून, पिना बरोबर असून काही येत नाही म्हणत बसणारे बरेच जण दिसतात.

दोन यूएआरटी, एक ब्लूटूथ

पाय ३ आणि ४ वर बाहेरच्या पिनांना दोनपैकी कोणतं यूएआरटी द्यायचं हा निर्णय आपला असतो. एक पीएल०११, हे पूर्ण ताकदीचं आणि स्वतःच्या घड्याळावर चालणारं. दुसरं मिनी यूएआरटी, ज्याला पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) येत नाही, ज्याचा साठा आठ अक्षरांपुरता असतो, आणि ज्याचा वेग प्रोसेसरच्या कोअर फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो. मूळ रचनेत चांगलं यूएआरटी ब्लूटूथला दिलेलं असतं आणि आपल्या वाट्याला मिनी येतं. एनेबल_यूएआरटी=१ लिहिलं की कोअर फ्रिक्वेन्सी बांधली जाते, त्यामुळे मिनीचा वेग घसरत नाही. ती ओळ विसरून दुसऱ्या कुठल्या युक्तीने पोर्ट उघडला तर पायवर काम वाढताच अक्षरं फाटतात, आणि दोष वायरीचा वाटत राहतो.

बोटीवर ब्लूटूथचं काम नसतं. म्हणून कॉन्फिग.टीएक्सटी च्या शेवटी एक ओळ घाला:

डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी

पाय पुन्हा सुरू करून एलएस ची आज्ञा परत द्या. बाण आता टीटीवायएएमए० कडे वळलेला दिसला पाहिजे. जुन्या प्रणालीत सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल एचसीआययूएआरटी हेही लागतं. ब्लूटूथ ठेवायचंच असेल तर डिसेबलऐवजी मिनीयूएआरटी-बीटी हे ओव्हरले आहे, त्यात दोघांची अदलाबदल होते. एनएमईएच्या ४८०० वेगाला मिनीही पुरतं. पण पुढे एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) जोडायचा असेल, जो ३८४०० ने बोलतो, तर पीएल०११ वरच राहा. इव्हन पॅरिटी मागणारं उपकरण असेल तर दुसरा पर्यायच नाही.

जंपरची परीक्षा

आता वीज काढून पिन ८ आणि १० एका जंपरने जोडा, म्हणजे पायने पाठवलेलं त्याच्याकडेच परत येईल. पाहायला पिकोकॉम हा सिरियल पोर्ट उघडणारा छोटा कार्यक्रम लागेल. तिसऱ्यांदा मोजा. पाय चालू करून:

सुडो एपीटी इन्स्टॉल पिकोकॉम
पिकोकॉम -बी ४८०० /डेव्ह/सिरियल०

कळफलकावर काही टंका. जे टंकाल ते पडद्यावर उमटलं, आणि जंपर काढताच उमटणं थांबलं, तर पोर्ट, ड्रायव्हर आणि पिना तिन्ही ठीक आहेत. बाहेर पडायला कंट्रोल धरून ए, मग कंट्रोल धरून एक्स. पिकोकॉम स्वतःहून अक्षर पडद्यावर दाखवत नाही, म्हणून ही परीक्षा त्यावर खरी ठरते. मिनिकॉम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधला हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा, नाहीतर तो न जोडलेल्या वायरीची वाट बघत गप्प बसतो.

या परीक्षेची एक मर्यादा लक्षात ठेवा. पाठवणारा आणि घेणारा एकच पोर्ट असल्याने वेग चुकीचा असला तरी अक्षरं बरोबरच येतात. वेगाची खात्री बाहेरचं यंत्र जोडल्यावरच होते.

परवानगी नाकारली असं उत्तर आलं तर तुमचा वापरकर्ता डायलआउट गटात नाही:

सुडो यूझरमॉड -ए -जी डायलआउट वापरकर्त्याचं_नाव

यात जी मोठा, ए लहान. ए विसरलात तर माणूस बाकी सगळ्या गटांतून बाहेर पडतो, अगदी सुडोमधूनही. बदल लागू व्हायला लॉगआउट करून परत यावं लागतं.

पहिलं वाक्य

जंपर काढा, वीज बंद ठेवून मॉड्यूल जोडा, जीपीएस चालू करा. जीपीएसच्या मेनूत इंटरफेस किंवा इनपुट-आउटपुट या ठिकाणी एनएमईए चालू आहे का ते पाहा; काही यंत्रांत ते मुळात बंद असतं. मग पिकोकॉम ४८०० ला उघडा. डॉलरच्या खुणेने सुरू होणाऱ्या, स्वल्पविरामांनी तुटलेल्या ओळी वाहू लागतील. एका अक्षराला सुरुवातीचा बिट, आठ बिट आणि शेवटचा बिट असे दहा बिट लागतात, म्हणजे ४८०० ला सेकंदाला ४८० अक्षरं. एनएमईएचं वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. म्हणजे पूर्ण लांबीची पाच वाक्यं सेकंदात मावतात, सहावं मावत नाही. जीपीएसच्या मेनूत सगळी वाक्यं चालू केली की काही गळतात ती यामुळे. आरएमसी (जागा, वेग, वेळ) आणि जीजीए (जागा आणि उपग्रहांची संख्या) ही दोन ठेवा, बाकी बंद करा.

आरएमसीच्या ओळीत रत्नागिरीजवळ असं काहीसं दिसेल: १६५९.४००, मग उत्तरेचा एन, मग ०७३१८.०००, मग पूर्वेचा ई. इथे नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. १६५९.४ म्हणजे १६.५९४ अंश नव्हेत. पहिले दोन आकडे अंश आणि उरलेली ५९.४ ही मिनिटं. रेखांशात पहिले तीन आकडे अंश, उरलेली १८ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवायचं: १६.९९ आणि ७३.३०. न भागता नुसतं टिंब सरकवलं तर नकाशावर मिरकरवाड्यातली बोट चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, विजयदुर्गाच्या समोर भर समुद्रात दिसते. नकाशा समुद्र दाखवतो, बोट समुद्रात असते, त्यामुळे तांडेलालाही पटकन संशय येत नाही.

ओळीत ए ऐवजी व्ही हे अक्षर आलं तर जीपीएसला अजून जागा सापडलेली नाही. शेवटी तारकेनंतरची दोन अक्षरं ही तपासणीची बेरीज. ती जुळत नसलेली ओळ सरळ फेकून द्या. खाऱ्या हवेतल्या जोडांवर अशी एखादी ओळ येतेच, आणि न तपासता वापरली तर ट्रॅकमध्ये बोट क्षणभर भलतीकडे उडी मारते.

काय दिसलं तर काय बिघडलं

काहीच येत नाही. जंपरची परीक्षा पास झाली असेल तर दोष पायच्या बाहेर. आरओ टोकावर मल्टिमीटर लावा. डेटा वाहत असताना डीसीचा आकडा ३.३ पासून थोडा खाली हलता राहतो. तो पक्का ३.३ वर थिजलेला असेल तर ए-बीवर काही येतच नाही, किंवा आरई जमिनीला नाही. शून्याजवळ असेल तर जोडी उलटी आहे, किंवा मॉड्यूलला वीज नाही.

कचरा अक्षरं, पण सतत आणि एका लयीत. वेग चुकला किंवा ए-बी उलटे. वेगाचे उमेदवार मोजकेच: ४८००, ९६००, ३८४००. अंदाज लावत बसण्यापेक्षा कर्नललाच विचारा. पीएल०११ साठी:

सुडो कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/टीटीवायएएमए

मिनी यूएआरटीसाठी शेवटचा शब्द सिरियल. ओळीत आरएक्स पुढे आलेल्या अक्षरांची संख्या असते. एफई दिसलं तर ते फ्रेमिंगचे दोष, म्हणजे वेग किंवा ध्रुवता चुकली. ओई म्हणजे अक्षरं आली पण उचलायला कुणी वेळेत पोचलं नाही. शून्य असलेलं मोजमाप छापलंच जात नाही, म्हणून एफई दिसत नसेल तर ती चांगली बातमी समजा. सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी आज्ञा कोणती म्हणाल तर ही. आणि वापरतं कुणीच नाही.

ओळी येतात, पण मधली अक्षरं गायब. पोर्ट दोघे वाचत आहेत. सिरियलवर आलेलं अक्षर एकदाच वाचता येतं. अर्धी तुम्हाला, अर्धी दुसऱ्याला. कोण ते पाहा:

सुडो फ्यूझर -व्ही /डेव्ह/सिरियल०

एगेटी असं नाव दिसलं तर लॉगिनचा पहारेकरी अजून बसलेला आहे. तो जीपीएसचं प्रत्येक वाक्य वापरकर्त्याचं नाव समजून पासवर्ड विचारत असतो. नुसतं सिस्टिमसीटीएलने त्याला थांबवलं तर पुढच्या वेळी तो परत येतो, कारण सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये कन्सोल लिहिलेलं असेपर्यंत सिस्टिमडी (बाकी सेवा सुरू करणारा कार्यक्रम) त्याला दर वेळी नव्याने उभं करतं. मूळ तुकडाच काढा.

पाटी पाय नसून दुसरी असेल आणि यू-बूटने (प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या कार्यक्रमाने) सुरू होत असेल, तर याच दोषाचं आणखी वाईट रूप भेटतं. चालू होताना यू-बूट सिरियलवर एखादं अक्षर येतं का ते पाहतो. जीपीएस तर बडबडतच असतो. यू-बूटला वाटतं कुणी कळ दाबली, आणि पाटी तिथेच थांबून बसते. अशा पाटीवर डीबगचा पोर्ट सोडून दुसरा यूएआरटी वापरा.

इंजिन चालू करताना सगळं बंद पडतं. हा सिरियलचा दोषच नाही. स्टार्टर फिरताना बॅटरी खाली बसते आणि पायला ४.६३ व्होल्टपेक्षा कमी मिळालं की तो तक्रार नोंदवतो. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड या आज्ञेचं उत्तर ०एक्स० आलं पाहिजे. नाहीतर १२ किंवा २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा चांगला बक कन्व्हर्टर लावा, पाय ४ ला ३ अँपिअरचा. इंजिन आणि जीपीएसच्या जमिनींत फरक पडून पिना जळत असतील तर ऑप्टो-आयसोलेशन (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारी सोय) असलेला यूएसबी ते आरएस-४२२ कन्व्हर्टर घ्या. महाग पडतो, पण बोटीवर तोच खरा.

कर्नल केव्हा बांधायचा?

तयार रास्पबेरी पाय प्रणाली वापरत असाल तर नाही. बिल्डरूटने स्वतःची छोटी प्रणाली करत असाल, किंवा कर्नल आधीच छाटलेला असेल, तर हो. काय आहे ते आधी पाहा:

सुडो मॉडप्रोब कॉन्फिग्ज
झेडग्रेप -आय सिरियल /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड

यादीत कॉन्फिग_सिरियल_अॅम्बा_पीएल०११ पुढे वाय हवा, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधलेला हवा. मिनीसाठी कॉन्फिग_सिरियल_८२५० आणि कॉन्फिग_सिरियल_८२५०_बीसीएम२८३५एयूएक्स. सिरियलवर बूटचे संदेश पाहायचे असतील तर पीएल०११_कन्सोल किंवा ८२५०_कन्सोल यापुढेही वाय लागतो. एम (वेगळ्या फायलीतलं ड्रायव्हर मॉड्यूल) चालत नाही. मॉड्यूल फाइल-सिस्टिम आल्यावर चढतं आणि तोवर बघण्यासारखं सगळं संपलेलं असतं.

नसेल तर स्रोतात मेक बीसीएम२७११_डेफकॉन्फिग, मग मेक मेनूकॉन्फिग. डिव्हाइस ड्रायव्हर्स, कॅरेक्टर डिव्हाइसेस, सिरियल ड्रायव्हर्स अशी वाट आहे. तिरकी रेघ दाबून पीएल०११ शोधलं तर सरळ तिथे पोचता. यूएसबी कन्व्हर्टर वेगळ्या ठिकाणी आहेत, यूएसबी सपोर्टमधल्या सिरियल कन्व्हर्टरखाली: एफटीडीआय, सीपी२१०एक्स, सीएच३४१. हे एम ठेवले तरी चालतात. पाय ४ वरच बांधायला घेतलं तर तासाच्या वर जातो. वीज गेली तरी घाबरू नका, मेक जिथे थांबलं तिथून पुढे जातं. तयार झालेली फाइल जुन्या कर्नल८.आयएमजी वर लिहू नका. वेगळं नाव द्या आणि कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये कर्नल= पुढे ते लिहा, म्हणजे बिघडलं तर ती ओळ खोडून परत जुन्यावर येता येतं.

दुसऱ्या पाट्यांवर नावं बदलतात. ऑलविनरच्या पाट्यांना ८२५०_डीडब्ल्यू लागतं, अॅमलॉजिकवर पोर्टाचं नाव टीटीवायएएमएल०, आणि रॉकचिपच्या बऱ्याच पाट्यांचा डीबग कन्सोल १५,००,००० वेगाने बोलतो, जिथे ११५२०० लावून बसलं की नुसता कचरा दिसतो.

खाऱ्या हवेत टिकवणे

सतत चालवायचं असेल तर जीपीएसडी हा मागे सतत चालणारा कार्यक्रम बसवा. /एटीसी/डीफॉल्ट/जीपीएसडी या फायलीत डिव्हायसेस पुढे /डेव्ह/सिरियल० आणि ऑप्शन्समध्ये -एन लिहा. मग पोर्टाचा एकमेव वाचक तो, आणि बाकी सगळे कार्यक्रम त्याच्याकडून घेतात. तपासणी सीजीपीएस -एस ने. पिकोकॉम त्याच वेळी उघडू नका, वरचा गळतीचा दोष पुन्हा येईल. यूएसबी कन्व्हर्टर दोन असतील तर टीटीवाययूएसबी० आणि १ ही नावं दर वेळी बदलू शकतात. /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी/ मधलं लांबलचक नाव वापरा. सीएच३४० चिपला बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून तशा दोन असतील तर बाय-पाथ.

जंपर वायरी टेबलावरच ठीक. बोटीवर त्यांच्या मादी टोकांत महिन्याभरात हिरवट थर चढतो आणि मग दोष येतो-जातो, जो शोधायला सगळ्यात कठीण. कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, जोड सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पाटीवर कॉन्फॉर्मल लॅकर फवारताना जीपीआयओच्या पिना, यूएसबीच्या खाचा आणि कार्डाची खाच चिकटपट्टीने झाका. डबा पूर्ण बंद करून आत सिलिका जेलची पुडी टाका; ती निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला. वायरी डब्यात वरून आणू नका. खालच्या बाजूने केबल ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणा आणि आत शिरण्याआधी वायरीला वितभर खाली झोका सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाला टपकतं, डब्यात जात नाही.